अफवेची बातमी करताना

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. ‘मुलं पळवणारी टोळी’ समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्या काळात देशभर फिरणारी, मूल पळवताना दाखवणारी एक क्लिप मुळात कराचीतल्या बालसुरक्षा जागृतीची होती. शेवटचा खुलासा तेवढा कापलेला.

अशा वेळी स्थानिक पत्रकाराच्या हातात बरंच असतं. ‘जिल्ह्यात मुलं पळवणारी टोळी?’ या मथळ्यातलं प्रश्नचिन्ह कुणी वाचत नाही, टोळी तेवढी लक्षात राहते. मथळ्यात खरी गोष्ट द्या: ‘तालुक्यात मूल पळवल्याची एकही तक्रार नाही’. अर्थात, आधी ठाण्यात विचारून. मग अफवा एकदाच, एका वाक्यात. आणि शेवटी पुन्हा खरी गोष्ट.

‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हे आवाहन जवळपास निरुपयोगी. कोणती अफवा, तेच त्यात नसतं! व्हिडिओ पुन्हा दाखवूच नका. चित्र द्यायचंच तर ‘खोटे’ हा शिक्का मधोमध, आडवा मारा. कोपऱ्यातला शिक्का कापून तेच चित्र पुन्हा फिरतं.

खुलासा अहिराणी, पावरी, भिलीत हवा. लिहून नव्हे, अर्ध्या मिनिटाच्या आवाजी संदेशात, ओळखीच्या आवाजात. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी तो सरपंच, पोलीसपाटील, आशाताईंच्या गटांवर पोचवा. दुसऱ्या दिवशीच्या अंकाची वाट पाहिली की बाजार भरून उठलेला असतो.