तुम्ही विचारलंत म्हणून : त्या बागेत बघायचं काय?

माझ्याकडे मातीकाम शिकायला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी भिंतीवरचा र्‍योआनजीचा फोटो बघून विचारतंच, "ताई, ना झाड, ना फूल, ही कसली बाग? आणि आपल्या कामाशी तिचा काय संबंध?"

संबंध दगडाचा आहे.

र्‍योआनजी हे जपानमधल्या क्योटोतलं झेन (बौद्ध पंथाचं) मंदिर. बाग साधारण 25 मीटर लांब, 10 मीटर रुंद. त्यात 15 दगड, आणि ओसरीवर कुठेही बसलात तरी एखादा आड जातोच. हे सगळेच सांगतात. मला त्या दगडांपेक्षा खालचं पांढरं जास्त खेचून घेतं. आपण त्याला वाळू म्हणतो, पण ती ग्रॅनाइटची बारीक खडी आहे. बारीक वाळू वाऱ्याने उडाली असती, दंताळ्याने ओढलेली रेघ तिच्यात टिकली नसती. खडीचे दाणे एकमेकांत अडकतात, म्हणून उंचवटा उभा राहतो. तरी पानं पडतात, पाऊस झोडपतो आणि पुन्हा कुणीतरी दंताळं घेऊन उतरतं. पूर्वी ही खडी शिराकावा नदीतून काढत. पूर्वेकडच्या डोंगरातला ग्रॅनाइट झिजून तिच्यात यायचा. 1950च्या दशकाच्या अखेरीस हा उपसा बंद केला.

शिराकावा पुढे कामो नदीला मिळते. आणि काळ्या राकू वाडग्याचं, म्हणजे हाताने घडवलेल्या जपानी चहाच्या वाडग्याचं, ग्लेझ (भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप) कामोचे दगड कुटून करतात! एकाच शहराच्या नद्यांनी बागेला पांढरं दिलं, वाडग्याला काळं.

हे वाडगे 16व्या शतकात चोजिरो या कुंभाराने चहाचे आचार्य सेन नो रिक्यू यांच्यासाठी घडवले. चाक नाही. तळव्यांनी माती वर उचलायची, मग पात्याने तासायची. ग्लेझ वितळलं की लालबुंद वाडगा चिमट्याने थेट भट्टीबाहेर काढतात. चिमट्याची खूण अंगावर राहते आणि ती कुणी पुसत नाही. माती सच्छिद्र असल्यामुळे गरम चहाचा वाडगा दोन्ही हातांत निवांत धरता येतो. रेघेत दंताळं दिसतं, तसा इथे चिमटा दिसतो. मी शिकवते ते एवढ्याचसाठी : करणाऱ्याचा हात भांड्यावर राहू द्या, घासून गुळगुळीत करू नका.

छोटी झेन बाग म्हणून टेबलावर ठेवायच्या वाळूच्या ताटल्या म्हणूनच मला पटत नाहीत. त्यात ना नदी आहे, ना कुणाची रोजची मेहनत.

क्योटोला जाणार असाल तर आदल्या दिवशी हे वाडगे घडवणाऱ्या राकू घराण्याचं संग्रहालय बघा, ते 1978 पासून आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दी व्हायच्या आत, र्‍योआनजी गाठा. आणि बागेमागची मातीची भिंत सोडू नका. ती तेलात उकळलेल्या मातीची आहे. इतक्या वर्षांत ते तेल बाहेर झिरपून तिच्यावर तपकिरी डाग उमटलेत, आणि मातीकाम करणाऱ्याने तिच्यासमोर तरी नक्की वेळ काढावा.