अठरा ग्रॅमचा फरक

आमच्या घरात वजनकाटा हा वाण्याचा आणि रद्दीवाल्याचा. स्वयंपाकघरात त्याला कधी थारा नव्हता. मीठ चिमटीने, तांदूळ वाटीने, गूळ डोळ्याने आणि भाताचं पाणी बोटाच्या पेराने, असा सगळा कारभार. सासूबाईंना एखाद्या पदार्थाचं प्रमाण विचारलं की त्या "घाल की अंदाजाने" म्हणतात आणि वर अशा नजरेने बघतात की, अंदाज नसलेली ही बाई आमच्या घरात आली कशी! त्याच ओट्यावर आता एकेक ग्रॅम दाखवणारा काटा येऊन बसला आहे, कारण मला साबण करायचा नाद लागला.

साबण म्हणजे तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा. बाकी सगळी हौस. गुलाबाच्या पाकळ्या, चंदनाचा वास, वर सोनेरी भुकटी, हे सगळं नसलं तरी साबण होतो. सोडा नसला तर होत नाही. तयार साबणाची लादी आणून, वितळवून, साच्यात ओतायचा एक प्रकार असतो. तोही छंद चांगलाच, पण त्यातला साबण आधीच दुसऱ्या कुणीतरी केलेला असतो.

खरी गंमत हिशोबात आहे. प्रत्येक तेलाचा साबण व्हायला किती सोडा लागतो, याचा आकडा ठरलेला. एक ग्रॅम खोबरेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, शेंगदाण्याच्या तेलाला ०.१३६, एरंडेलाला ०.१२८. म्हणजे ५०० ग्रॅम खोबरेलाचा पुरता साबण करायचा तर ९१ ग्रॅम सोडा. पण निव्वळ खोबरेलाचा असा साबण अंगाला लावला तर कातडीवरचं तेलही ओढून नेतो, अंग पांढुरकं पडतं. म्हणून अंघोळीच्या साबणात वीस टक्के तेल मुद्दाम मोकळं सोडायचं, ज्याला साबणवाले सुपरफॅट म्हणतात. मग सोडा लागतो ७३ ग्रॅम. त्र्याहत्तरला अंघोळीचा, एक्क्याण्णवला भांड्यांचा. मधले अठरा ग्रॅम म्हणजे फार तर चार चहाचे चमचे. आणि एक्क्याण्णवच्या पुढे हात सैल सुटला, तर जो तयार होईल तो अंग भाजणारा पदार्थ. हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढं जोखमीचं आहे तर विकत का आणत नाही?" प्रश्न बिनतोड होता, म्हणून मी काट्याची बॅटरी बदलायला घेतली.

सोडा मिळवणं हाही एक उद्योग. हार्डवेअरच्या दुकानात मागितला की आधी प्रश्न येतो, "मोरी तुंबलीय का?" मोरीसाठी मिळतो त्यात काय काय मिसळलेलं असतं देव जाणे, तो इथे चालत नाही. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला रसायनांची दुकानं आहेत, तिथे शुद्धतेचा आकडा छापलेला डबा मिळतो. आत पांढऱ्या पापड्या, दिसायला अगदी गरीब. एक पापडी ओट्यावर सांडून पावसाळ्याच्या दिवसांत थोडा वेळ तशीच राहिली, तर हवेतलं पाणी ओढून तिचा चिकट थेंब होतो. तो थेंब पाण्याचा समजून कुणी बोटाने पुसू नये. आमच्याकडे या डब्यावर जाड मार्करने ‘विष’ लिहून तो माळ्यावर ठेवलाय, पापडखाराच्या आसपासही नाही.

पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही. उलटं केलं तर मिश्रण उसळून तोंडावर येऊ शकतं. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, आणि हे सगळं गॅलरीत. थंड पाण्यात पापड्या पडल्या की कसलाही गॅस न पेटवता पातेलं तापायला लागतं. बघता बघता वाफ येते, ती नाकाला झोंबते, आणि भांडं हाताने धरवत नाही. मग हळूहळू गढूळपणा जाऊन पाणी पुन्हा काचेसारखं नितळ होतं. सासूबाईंनी या कामासाठी मोठ्या मनाने आपलं जुनं जर्मनचं पातेलं देऊ केलं होतं, ते नाकारताना मला फार कठीण गेलं. पण ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा खातो, आणि खाताना हायड्रोजन वायू सुटतो. स्टीलचंच भांडं हवं.

सोड्याचं पाणी आणि तेल, दोन्ही कोमट झाली की ते पाणी तेलात ओतायचं आणि हातमिक्सर थांबत थांबत फिरवायचा. सुरुवातीला तेल वर, पाणी खाली, दोघांचं अजिबात पटत नाही. मग मिश्रण दुधाळ होतं, मग दाटतं, आणि अखेर धिरड्याच्या पिठासारखं होऊन वरून सोडलेली धार क्षणभर पृष्ठभागावर रेघ होऊन राहते. याला ट्रेस म्हणतात. इथे मात्र काटा उपयोगाचा नाही, इथे डोळाच लागतो. सासूबाई पहिल्यांदा या टप्प्याला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "झालं की गं ते, ओत आता." बरोबर होतं त्यांचं.

आत नेमकं काय होतं, हे शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढलं. तेल किंवा चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि मेदाम्लं यांची जोडी. सोडा ती फोडतो, मेदाम्लांशी स्वतः जुळतो, तो साबण, आणि ग्लिसरीन मोकळं होतं. त्याचा यावरचा ग्रंथ १८२३ चा. हा गृहस्थ फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधी, १७८६ साली जन्मला आणि आयफेल टॉवर उभा राहिल्यावरच, १८८९ मध्ये गेला. १०२ वर्षं! आयुष्यभर चरबीचा अभ्यास करून एवढं जगणारा माणूस डॉक्टरांना दाखवायला हवा. आपल्याकडे कुलपं करणाऱ्या गोदरेजांनी १९१९ च्या सुमाराला चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण काढला, त्याचं नाव ‘चावी’. कुलपांनंतर चावी, हे मला भयंकर आवडतं.

प्रदर्शनात हल्ली प्रत्येक दुसऱ्या टेबलावर ‘केमिकल-फ्री साबण’ अशी पाटी असते. तो विकणाऱ्याने एकतर सोडा घातल्याचं लपवलेलं असतं, नाहीतर त्याने साबणच केलेला नसतो. तिसरी शक्यता नाही. वजन नीट असेल तर तयार वडीत सोडा म्हणून सोडा उरत नाही, हे सरळ सांगायला काय हरकत आहे? पण पाटी खपते.

हळदीचं तर वेगळंच नाटक. उटण्याची आठवण म्हणून मी चमचाभर हळद टाकली आणि पिवळ्या साबणाची वाट बघत बसले, तर मिश्रण विटकरी लाल! हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे धुणं धुणाऱ्या प्रत्येकीने पाहिलेलं असतं. तेच इथे पातेलंभर झालं. खार लागला की हळद रंग बदलते. हळदीचं कुंकू करतात तेही याच करामतीवर. पुढे वडी वाळत गेली तसा लाल उतरून केशरट झाला.

खोबरेलाच्या साबणाची एक सवय ओळखीची व्हावी लागते. तो फार लवकर घट्ट होतो. रात्री ओतून सकाळी वड्या पाडू म्हटलं तर सुरी लावताच कडा ढासळतात. काही तासांतच, कोमट असतानाच कापायचा. पण याच खोबरेलाचा गुण असा की खाऱ्या पाण्यातही फेस येतो, कारण त्यात जवळजवळ निम्मं लॉरिक नावाचं मेदाम्ल असतं. खलाशांचा साबण खोबरेलाचा असायचा तो म्हणूनच. माझं माहेर किनाऱ्याला लागून, विहिरीचं पाणी मचूळ, लहानपणी साबण घासून घासून हात दुखायचे. या वड्या आईकडे पाठवल्या, तर तिचा फोन आला तो फेसाचं वर्णन करायला. वासाबद्दल अक्षर नाही.

वड्या पाडल्या तरी महिना-दीड महिना फडताळावर वाळवायच्या. साबण होण्याचं काम बहुतेक एक-दोन दिवसांतच आटपतं. नंतर पाणी उडून जातं, वडी टणक होते, सौम्य होते. सोडा शिल्लक आहे का हे बघायची जुनी पद्धत म्हणजे वडीला जिभेचं टोक लावणं: सोडा असेल तर चटका बसतो, नसेल तर नुसती साबणाची चव. घरातलं माणूस साबण चाटताना बघून सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला, एवढीच प्रतिक्रिया. डोंबिवलीच्या पावसाळ्यात मात्र वड्यांना घाम फुटतो. कारखान्यात मीठ घालून ग्लिसरीन वेगळं काढतात आणि विकतात. घरच्या साबणात ते सगळं आतच राहतं आणि दमट हवेतलं पाणी ओढत बसतं. पुसून घ्यायचं, पंख्याखाली ठेवायचं, चिडायचं नाही.

मध्यंतरी सासूबाईंनी फर्मान काढलं, "अंगाचे लाड पुरे झाले, भांड्यांचा कर." मी ९० ग्रॅम सोड्याचा केला, म्हणजे तेल जेमतेम मोकळं. तळणीची कढई एका हातात लख्ख. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी काही दिवस तो वापरला आणि मग मला बाजूला घेतलं. "ताई, भांडी बेस निघतात हो याने, पण हात पार कोरडे पडतात. तुमचा तो दुसरा, अंघोळीचा आहे ना, त्यातली एक वडी द्या मला घरी."

दोन दिल्या.