बोलरच्या भिंती: अर्ध्या इंचावर का थांबले

मागच्या नोंदीत माझ्या बोलर ट्रेलरचे जुने अस्तर उतरवण्याचे काम सांगितले होते. या वेळी थंडी आणि ओल अडवायला भिंतीत नवे काय बसवायचे हा निर्णय कसा झाला ते लिहिते, कारण त्यातच उन्हाळ्याचे दोन महिने गेले आणि माझे पहिले तीन अंदाज चुकले.

ज्यांनी हा ट्रेलर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बोलर हा गाडीमागे जोडून न्यायचा, आत झोपायची सोय असलेला १३ फुटांचा कॅनेडियन ट्रेलर असून १९६८ मध्ये तो इथेच, विनिपेगमध्ये, तयार होऊ लागला. त्याचे अंग फायबरग्लासच्या दोन भागांचे असते, एक वरचा आणि एक खालचा, आणि ते कमरेच्या उंचीवर एका पट्टीने सांधलेले असतात. आत लाकडी सांगाडा नाही. कपाटे, पडद्यांचे दांडे, दिवे असे सगळे कवचातून आरपार मारलेल्या रिव्हेटांवर, म्हणजे धातूच्या ठोकून बसवलेल्या खिळ्यांवर, उभे असते, आणि भिंत एकाच वेळी दोन दिशांना वळते. इन्सुलेशनची निवड अवघड होते ती या वळणांमुळे आणि रिव्हेटांमुळे.

कारखान्याने आत एन्सोलाइट नावाचा, वर व्हिनाइलची त्वचा असलेला फोम चिकटवला होता. जिथे तो घट्ट होता तिथे पन्नास वर्षांनंतरही मागचे फायबरग्लास कोरडे आणि स्वच्छ निघाले. मागच्या डाव्या कोपऱ्यात मात्र तो सुटून हातभर फुगला होता, आणि त्या पोकळीत काळी बुरशी व ओल होती. पावसाचे पाणी कुठून आले असावे म्हणून मी तो कोपरा बाहेरून दोन दिवस तपासला, होजने पाणी मारून पाहिले, पण एक थेंबही आत आला नाही. ती ओल आत झोपलेल्या माणसांच्या श्वासाची होती.

हे लक्षात आल्यावर प्रश्नच बदलला. तोपर्यंत मी प्रति इंच आर-मूल्यांचे, म्हणजे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचे, तक्ते पाहत होते आणि त्यात पॉलिआयसो हा कडक फोमचा बोर्ड सर्वांत वर होता. पण बोर्ड सपाट असतो. त्याचे तुकडे करून दोन दिशांच्या वळणावर बसवले की प्रत्येक तुकड्यामागे फट राहते, आणि फटीत शिरलेली उबदार दमट हवा गार कवचाला टेकली की तिथेच दव धरते. मेंढीच्या लोकरीचा मोह मला खरोखर होता, कारण तिचा स्पर्श आणि वास दोन्ही आवडतात. मात्र लोकरीतून वाफ सहज आरपार जाते, आणि शेकडो रिव्हेटांभोवती वाफ अडवणारा सलग पडदा लावणे मला शक्य दिसले नाही. चकचकीत बबल फॉइल काही ट्रेलरांत कारखान्यातूनच येते, परंतु फॉइल उष्णता परतवते ते तिच्यासमोर हवेची पोकळी असेल तरच. दोन्ही बाजूंनी दाबून चिकटवल्यास तिच्यापासून आर १ च्या आसपासच मिळते. फवाऱ्याचा पॉलियुरेथेन फोम वाफेच्या दृष्टीने उत्तम आहे, पण तो फुलताना तापतो, पातळ कवचाला ओढ देऊ शकतो, आणि पुढे एखादा रिव्हेट बदलायचा झाला तर तो भाग खरवडून काढावा लागतो. पन्नास वर्षांच्या ट्रेलरमध्ये रिव्हेट बदलावे लागणारच, म्हणून तोही बाद केला.

मग कागद-पेन्सिल घेतली. आत १८ अंश सेल्सियस आणि ६० टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन साचू लागते तो, १० अंशांच्या आसपास येतो. बाहेर ० अंश असताना उघड्या फायबरग्लासचा आतला पृष्ठभाग साधारण ६ अंशांवर उतरतो, म्हणजे भिंतीला घाम फुटणारच. अर्धा इंच, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर, बंद पेशींचा (ज्यातून हवा आणि वाफ सहज जात नाही असा) फोम लावला की आतला पृष्ठभाग, म्हणजे आता फोमचा, साडेतेरा अंशांच्या वर राहतो, आणि बाहेर उणे १० झाले तरी ११ अंशांवर टिकतो. दवबिंदूच्या वर राहायला एवढे पुरे आहे.

उष्णतेचा हिशेबही त्याच बाजूने गेला. खिडक्या आणि जमीन सोडून भिंती व छत मिळून मी २० चौरस मीटर धरले. आतबाहेर १८ अंशांचा फरक असताना उघड्या कवचातून सुमारे १,९०० वॅट निघून जातात. अर्ध्या इंचाने ते साडेसहाशेवर येतात, आणि पूर्ण एक इंच लावला तर चारशेवर. पहिल्या अर्ध्या इंचाने साडेबाराशे वॅट वाचतात, दुसऱ्याने जेमतेम अडीचशे. त्या अडीचशेसाठी प्रत्येक कपाट कापून लहान करावे लागले असते. शिवाय खिडकीची आतली व बाहेरची चौकट एकमेकींना आवळूनच खिडकी जागेवर धरतात, आणि एवढी जाडी त्यांच्या पकडीत मावत नाही. एकेरी काचेच्या माझ्या अडीच चौरस मीटर खिडक्यांमधूनही तेवढेच अडीचशे वॅट जातात. भिंत आणखी जाड करण्यापेक्षा ते कष्ट खिडक्यांवर घालणे मला योग्य वाटले.

शेवटी निवडला तो नायट्राइल रबराचा फोम. मुंबई-पुण्यात एसीच्या तांब्याच्या नळ्यांवर जे काळे मऊ वेष्टन असते तेच हे, फक्त इथे ते सपाट गुंडाळीत घेतले आहे. गार नळीला घाम फुटू नये हेच त्याचे मूळ काम आहे, त्यामुळे माझ्या भिंतीला ते शोभते. पॉलिइथिलीनचा बंद पेशींचा फोम स्वस्त होता. दोन्हींचे बोटभर तुकडे मी अंगणात, उघड्यावर, चिमट्यात धरून पेटवून पाहिले: पॉलिइथिलीन वितळून जळते थेंब टाकत राहिले, तर नायट्राइल काळे पडले, धूर केला आणि ज्योत काढताच विझले. ही काही प्रमाणित चाचणी नव्हे, आणि विकत घेताना आगीच्या वर्गीकरणाचा कागद मी मागून घेतला. पण ज्या खोलीला एकच दार आहे तिथे झोपायचे असल्याने माझ्यापुरता प्रश्न तिथे संपला.

चिकटवण्याबाबत एक सावधगिरी सांगते. फवाऱ्याच्या डब्यातील साध्या गोंदाने लावलेला नमुना उन्हात दोन दिवसांत छतावरून लोंबू लागला. आता उष्णता सोसणारे कॉन्टॅक्ट सिमेंट नावाचे चिकटद्रव्य वापरते आहे. चांभार सोल चिकटवताना करतो तसेच हे काम आहे: दोन्ही बाजूंना पातळ थर द्यायचा, बोटाला लागेनासा होईपर्यंत थांबायचे आणि मग एकदाच टेकवायचे, कारण टेकवल्यावर सरकवता येत नाही. मी वरच्या कडेपासून खाली, मधून बाहेर असा तळहाताने दाबत जाते, म्हणजे मागे हवा अडकत नाही. कोपऱ्यांत अर्धा इंच एकसंध वळेना, तेव्हा तिथे पाव इंचाचे दोन थर दिले आणि त्यांचे जोड एकमेकांवर येऊ दिले नाहीत. ट्रेलर लहान असल्याने वाफा फार लवकर साचतात. दार आणि सगळ्या खिडक्यांच्या जागा उघड्या ठेवून, सेंद्रिय वाफांसाठीचा मुखवटा लावूनच आत जाते.

रिव्हेटांचे टोक आत उघडे राहिले तर तेवढा ठिपका गारच राहतो आणि त्यावर थेंब जमतो. म्हणून कपाटांचे सोडून बाकी सर्व रिव्हेट फोमखाली झाकले, आणि कपाटांच्या रिव्हेटांवर फोमच्या चकत्या ठेवून वर टोपणे बसवणार आहे. फोम श्वासातली वाफ कमी करत नाही, त्यामुळे छतावरची खिडकी रात्री दोन बोटे उघडी राहणार हे ठरलेले आहे. आत गॅसची शेगडी पेटवून ऊब घेणेही बंद, कारण एक किलो प्रोपेन जळताना १.६ किलो पाणी हवेत सोडतो. शिवाय अशा बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच.

आजच्या तारखेला छत, मागची भिंत आणि डावी बाजू पूर्ण झाली आहे. उजवीकडे दाराभोवतीची वळणे उरली आहेत. तिथे आधी वर्तमानपत्राचे साचे कापून घेते आहे. सिमेंटच्या डब्यावर लिहिलेल्या तापमानापेक्षा विनिपेगच्या रात्री आता खाली जाऊ लागल्या आहेत, त्यामुळे उरलेले काम दुपारी बारा ते चार याच वेळात करावे लागेल. पुढच्या नोंदीत खिडक्यांच्या आतून चुंबकी पट्टीने बसवायच्या ॲक्रिलिकच्या दुसऱ्या तावदानाची मापे देईन.