रस्ता खोदला, नेट गेलं आणि वीस तारीख तोंडावर

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात रस्ता खोदला नि त्यात फायबर तुटलं, ते पण नेमकं वीस तारखेच्या तोंडावर, म्हणजे जीएसटीआर-३बी, जीएसटीचं दर महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख. मी घरूनच काही दुकानदारांचे हिशेब बघते. मोबाईलचं हॉटस्पॉट लावावं तर वाड्यात आत रेंज नाही, बाहेर ओट्यावर बसून रिटर्न भरायचं का! मग म्हटलं अलकापुरीतल्या एखाद्या कॅफेत बसू, पण लोकांचे लॉगिन आपल्याकडे, ते असल्या वायफायवर टाकायचे कसे, म्हणून आधी भाच्याला फोन केला, तो नेटवर्किंगचंच काम करतो.

तो म्हणाला, मावशी, हवेतून कोणी पासवर्ड वाचेल ही भीती बरीचशी जुनी झाली. २०१० मध्ये फायरशीप नावाचं एक्स्टेन्शन आलं होतं, त्याने उघड्या वायफायवर शेजारच्याचं फेसबुक उघडता यायचं, कारण तेव्हा लॉगिननंतरचं सगळं उघडंच जायचं. आता बँका काय, जीएसटी पोर्टल काय, सगळं एचटीटीपीएसवर, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही असं कुलूपबंद होऊन जातं. तू कुठल्या साइटवर गेलीस ते वायफायवाल्याला कळू शकतं, काय टाइप केलंस ते नाही. भानगड आहे ती वायफायच्या नकली नावाची आणि नकली लॉगिन पानाची. फुकटचं व्हीपीएन, म्हणजे आपलं सगळं नेट दुसऱ्या कंपनीमार्फत फिरवणारं ॲप, टाकू का विचारलं तर म्हणे कशाला, कॅफेवाल्याऐवजी त्या अनोळखी कंपनीच्या हातात सगळं देणार का?

कॅफेत गेले तर वायफायच्या यादीत एकसारखी दोन नावं, एकाला फक्त पुढे 'गेस्ट' आणि कुलपाची खूण नाही. काउंटरवरच्या मुलाला दाखवलं तर म्हणतो, "ए आपणुं नथी, बेन." कोणाचं होतं देव जाणे. खरं नाव नि पासवर्ड भिंतीवर लिहिलेलाच होता, पण तो सगळ्यांना माहीत म्हटल्यावर त्याचा भरवसा किती ते तुम्हीच बघा. विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' ठेवलं, म्हणजे आपला लॅपटॉप आणि शेअर केलेले फोल्डर तिथल्या बाकीच्यांना दिसत नाहीत.

पुढे अडलं. जीएसटी पोर्टल उघडायला गेले तर स्क्रीनभर इशारा, कनेक्शन सुरक्षित नाही. परत फोन. भाचा म्हणाला, 'ॲडव्हान्स्ड' मध्ये जाऊन पुढे जा करायचं नाही म्हणजे नाही, कॅफेचं लॉगिन पान मध्ये घुसायला बघतंय म्हणून ते येतंय. टॅब बंद कर आणि नेव्हरएसएसएल डॉट कॉम (neverssl.com) टाक, ती साइट मुद्दाम एचटीटीपीएसशिवाय ठेवलीय, तिच्यावर लॉगिन पान बरोबर येतं. आलं की! मोबाईल नंबर नि ओटीपी मागितला, दिला. एवढं तर रेल्वे स्टेशनवरचं रेलवायर वायफाय पण मागतं. ईमेलचा पासवर्ड किंवा कार्ड मागितलं असतं तर चहा तसाच टाकून उठले असते. त्यानंतर पोर्टल सरळ उघडलं, आणि वायफायचं लॉगिन झाल्यावर पण तोच इशारा आला असता तर गाशा गुंडाळ असं त्याने बजावलं होतंच.

२बी, म्हणजे खरेदीच्या बिलांचं पोर्टलवरचं स्टेटमेंट, डाउनलोड करणं, बिलं जुळवणं असली कामं वायफायवर केली. फाइल करायच्या वेळी मात्र माझं हॉटस्पॉट लावलं, तिथे रेंज फुल होती. भाच्याच्या मते गरज नव्हती, पण लोकांचा पैसा आहे, मला तसंच बरं वाटतं. आणि जागा बदलून भिंतीला पाठ करून बसले, कारण शेजारचे एक काका हातातला पेपर सोडून माझ्याच स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले होते, त्यांच्यापुढे कसलं एचटीटीपीएस नि काय.

एआरएन, म्हणजे रिटर्न भरल्याचे पोचनंबर, आले, सुटले. निघताना नेटवर्क 'फरगेट' केलं, तेव्हा दिसलं की फोनमध्ये जुनी कितीतरी नावं पडलीयत, विमानतळ, लग्नाचा हॉल, पुण्याचं हॉटेल. यातली बिनपासवर्डची जी असतात त्याच नावाचं कोणीही लावलं तर फोन आपणहून जोडला जाऊ शकतो म्हणे. ती सगळी काढली, ऑटो-कनेक्ट बंद केलं, आणि घरी येऊन सासूबाईंच्या फोनचं पण करून टाकलं, त्यांची यादी माझ्यापेक्षा लांब निघाली.