कोल्ड फीट म्हणाली आणि मी तिचा मोजा काढला

इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या लीड्सला येऊन मला चौथं वर्ष लागलं तरी नागपूरहून फोन आला की पहिला प्रश्न तोच, इंग्रजीचं जमून राहिलं ना बेटा? जमते बाप्पा. मी फिजिओथेरपिस्ट, आजीच्या भाषेत टोंगळे म्हणजे गुडघे वाकवणारी, आणि कॉलेजातला सगळा अभ्यास इंग्रजीतच झाला, त्यामुळे हाडं, नसा, स्नायू झोपेतून उठवून विचारा. पेशंटची इंग्रजी मात्र त्या पुस्तकात नव्हती.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. गुडघा बदलायचं ऑपरेशन असलं की त्याच्या आधी पेशंटला बोलावून व्यायाम शिकवतो, वॉकर घेऊन कसं उठायचं, कसं चालायचं ते दाखवतो. एक सत्तरीची बाई आली होती, सगळं नीट करून दाखवलं, आणि निघताना पर्स उचलता उचलता हळूच म्हणाली, आय हॅव गॉट कोल्ड फीट, लव. आता लव म्हटलं म्हणून दचकू नका, यॉर्कशायरमध्ये बसचा ड्रायव्हरपण लव म्हणतो. मी अडकले त्याच्या आधीच्या शब्दांवर. पाय गार म्हणजे रक्तपुरवठ्याचा प्रॉब्लेम असू शकतो आणि ऑपरेशनच्या आधी तर ते बघायलाच पाहिजे, म्हणून मी तिला परत खुर्चीत बसवलं, बूट काढला, मोजा काढला, पावलाच्या वरच्या बाजूला जिथं नाडी लागते तिथं दोन बोटं ठेवली. नाडी मस्त. पाय माझ्या हातापेक्षा गरम. मी गंभीर चेहऱ्यानं तिला सांगितलं की तुमचे पाय चांगले गरम आहेत, काळजी करू नका. ती दोन सेकंद बघतच राहिली आणि मग जी हसत सुटली की मला टिश्यूचा डबा पुढे करावा लागला.

तिला म्हणायचं होतं की हो म्हणून बसले पण आता मागं फिरावंसं वाटतंय. आपल्याकडे कच खाणे म्हणतात ते. आणि गंमत म्हणजे हातपाय गार पडणे आपल्याकडेही आहे की, पण ते त्या क्षणाचं असतं, रात्री दोनला फोन वाजला तर पडतात ते. इंग्रजाचे पाय तारीख ठरल्यावर आठवडाभर आरामात गार होत राहतात.

तेव्हापासून मला नादच लागला. दिवसभर माणसांची शरीरं कशी हलतात तेच बघायचं काम, आणि तीच माणसं बोलताना न हलणारं शरीर हलवत असतात. एका आजोबांची मुलगी म्हणाली, ही हॅज बीन ड्रॅगिंग हिज फीट. माझ्या डोक्यात लगेच फूट ड्रॉप, म्हणजे गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूनं जाणारी नस दबली की पाऊल वर उचलता येत नाही आणि चालताना बोटं जमिनीला घासतात. आजोबा टाचेवर उभे राहून दाखवायला तयार, पाऊल एकदम टकाटक. ते चष्म्याच्या डॉक्टरकडे जायची टाळाटाळ करत होते, एवढंच. त्याच मुलीनं पुढं सांगितलं की काल यावरून भांडण झालं आणि डॅड स्टॉर्म्ड आउट. वॉकर घेऊन! मी कल्पना करत बसले, वादळ, चार पायांचं, दर पावलाला टक टक.

पण हे स्टॉर्म्ड आउट मला फार आवडलं. एका क्रियापदात राग, पाय आणि दरवाजा तिन्ही. अमेरिकन भाषातज्ज्ञ लिओनार्ड टाल्मी यांनी 1985 साली यावर सविस्तर लिहिलं आहे, की इंग्रजीसारख्या भाषा चालण्याची तऱ्हा क्रियापदातच भरतात आणि स्पॅनिशसारख्या भाषा क्रियापदात फक्त आत गेला, बाहेर आला एवढं ठेवून तऱ्हा वेगळ्या शब्दानं सांगतात. आपणही निघून गेली एवढंच म्हणतो, पण त्याच्या आधी जे लावतो ना, तणतणत, फणफणत, धुसफुसत, पाय आपटत, रखडत, मुरकत, त्याला तोड नाही. तणतणत गेली म्हटलं की मला नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घराचा लाकडी जिनाच ऐकू येतो.

सगळ्यात जास्त घोळ जिभेचा झाला. मीटिंगनंतर माझी मैत्रीण म्हणाली, आय हॅड टू बाइट माय टंग. मी घाबरून विचारलं, अगं काय बोलून गेलीस? ती म्हणे काहीच नाही, तेच तर. आपण बोलून झाल्यावर जीभ चावतो, हे लोक बोलायच्या आधीच चावून घेतात. यावरून मला इथल्या लोकांबद्दल जेवढं कळलं तेवढं चार वर्षांत दुसऱ्या कशावरून नाही कळलं, हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

डोळ्यांचं तर विचारूच नका. आजीला फोनवर सांगत होते की रिसेप्शनवरच्या पोरीनं मला पाहून डोळे फिरवले. आजी ओरडली, "अवं माय! मंग डॉक्टरले बलावलं का नाई? चक्कर आली का तिले?" तिला वैताग आला होता म्हटल्यावर आजीला पटेचना, वैताग आला तर नाक मुरडावं, डोळे कायले फिरवावं.

हे कुतूहल जुनंच आहे बरं. चार्ल्स डार्विननं 1867 मध्ये सोळा प्रश्नांचं पत्रक छापून जगभर पाठवलं होतं, की तुमच्याकडची माणसं लाजली की लाल होतात का, हतबल झाली की खांदे उडवतात का. छत्तीस उत्तरं आली आणि 1872 मध्ये त्यावरचं पुस्तक निघालं. पत्रकातला शेवटचा प्रश्न होता की हो म्हणताना मान वरखाली आणि नाही म्हणताना आडवी हलते का. आपली ती दोन्हीच्या मधली, डुगडुग हलणारी मान कुठल्या रकान्यात बसवणार? माझे पेशंट अजून विचारतात, सो इज दॅट अ येस?

परवा बाबांचा व्हिडिओ कॉल. आजीच्या टोंगळ्याचं ऑपरेशन दोन वर्षांपासून चर्चेत आहे, कधी उन्हाळा आडवा येतो, कधी लग्न. बाबा म्हणाले, "आजी आजकाल पाय ओढून राहिली." माझ्या तोंडून निघालं, मग तारीख घेऊन टाका ना, किती दिवस टाळणार. बाबा गप्प. म्हणाले, "नाही गं, खरंच ओढते. डावा."

फोन खाली धरा म्हटलं, जमिनीजवळ, आणि तिला स्वयंपाकघरापासून झोक्यापर्यंत चालवा. कूलरच्या आवाजातही ऐकू येत होतं, दर दुसऱ्या पावलाला चपलेचं टोक फरशीला घासत होतं, खर्र. झोक्याजवळ आजी थांबली आणि वाकून कॅमेऱ्यात बघत म्हणाली, "काय पाहून राहिली वं माह्या पायाकडं? थंडे नाहीत ते."

सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय.