भाच्याची वही

आज अमळनेरला बहिणीकडे होतो. भाचा २०२०च्या लॉकडाऊनमध्ये शेअर बाजारात उतरला. निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, साडेसात हजारांवरून वर निघालेला, जे घ्याल ते वाढायचं. मग नोकरी सोडून ऑप्शन्समध्ये, म्हणजे भाव पुढे चढेल की पडेल यावर पैसे लावायच्या सौद्यांत गेला. ४ जून २०२४ला लोकसभेच्या निकालादिवशी सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी पडला आणि याची बरीचशी जमापुंजी गेली. २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे असे फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांना तोटा झाला, असं बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनेच सांगितलंय. तरी पोरं बाजार उघडताना सव्वानऊला मोबाइल घेऊन बसतातच. जीव तुटतो हो!

आणि हे अमळनेरात! १९४५ साली विप्रो इथेच वनस्पती तुपापासून सुरू झाली. तिचे शेअर न विकता नातवंडांपर्यंत सांभाळणारी घरं याच गावात आहेत.

आज त्यानं वही दाखवली. डावीकडे कंपनीचं नाव, उजवीकडे 'का घेतली' ते दोन ओळींत. ऑप्शन्स बंद. पुन्हा नोकरी धरलीय, पगारातून दरमहा थोडी खरेदी. कळण्याची भाकरी वाढताना बहिणीनं विचारलं, "रातले झोप लागस ना आते?" तो मनापासून हसला. मला फार बरं वाटलं.

रविवारी माझ्या म्युच्युअल फंडांचे कागद बघायला त्यालाच बोलावलंय.