डेरिव्हेटिव्हज घेऊ की टॅक्स?

एमबीएच्या तिसऱ्या सेमचे इलेक्टिव्ह, म्हणजे निवडायचे विषय, भरायची तारीख जवळ आली की माझ्या व्हॉट्सॲपवर याद्यांचे फोटो यायला लागतात. कुणाचा पुतण्या, कुणाची नणंद, अनगोळातल्या कुणाच्या तरी मित्राचा मित्र. खाली प्रश्न ठरलेला: "अक्का, ह्यातले कुठले घेऊ?" मी आधी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होते, आता इथे बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचं (ओतकाम कारखान्याचं) फायनान्स बघते, म्हणून मला विचारत असतील. प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा कंटाळा आला, तेव्हा एकदाच लिहून टाकते.

मी उलट विचारते, की एमबीए झाल्यावर कुठल्या टेबलावर बसणार? "फायनान्समध्ये" हे काही उत्तर नव्हे. बँकेत कर्जाच्या फायली बघणार, कारखान्यात येणं-देण्याची तोंडमिळवणी करणार, सीएच्या ऑफिसात रिटर्न भरणार, की बेंगळुरूला जाऊन कंपन्यांचं व्हॅल्युएशन (मूल्य काढणं) करणार? त्या टेबलावर रोज कुठले कागद येतात ते कळलं की यादीतले निम्मे विषय आपोआप गळतात. आणि ते कळायला गुगल लागत नाही. तिसऱ्या गेटाच्या पलीकडे कुठल्याही कारखान्याच्या अकाउंट्सवाल्याला गाठून एक चहा पाजा, तासभर बोलेल.

सध्या सगळ्यांना डेरिव्हेटिव्हज, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरचे करार, हा विषय हवा असतो. कारण उघड आहे, खिशात ट्रेडिंगचं ॲप आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे डेरिव्हेटिव्हजच्याच बाजारात) उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. हे सांगितलं की पोरं हसतात, कारण प्रत्येकजण स्वतःला उरलेल्या ७ टक्क्यांत धरतो. विषय वाईट नाही हो. फक्त त्या पेपराचा आणि त्या ॲपचा तुम्ही समजता तेवढा संबंध नाही.

आमच्याकडे तो विषय कसा येतो ते सांगते. कास्टिंग (ओतीव भाग) जर्मनीला जातं, बिल युरोत, पैसे ९० दिवसांनी. तोवर युरो घसरला तर नफा गेला. म्हणून बँकेशी फॉरवर्ड करार करून दर आजच बांधून घ्यायचा. भारतातले व्याजदर तिकडच्यापेक्षा जास्त असल्यामुळे पुढच्या तारखेचा दर सहसा आजच्यापेक्षा थोडा वर मिळतो, तो प्रीमियम निर्यातदाराच्या पदरात पडतो. इथपर्यंत पुस्तकात असतंच. खरं, गिऱ्हाइकाने ऑर्डर पुढे ढकलली तर? करार रद्द करावा लागतो, आणि मधल्या काळात युरो वर चढलेला असेल तर फरक आपल्या खिशातून जातो. मग किती ऑर्डरवर कव्हर घ्यायचं, सगळ्यावर की निम्म्यावर? मुलाखतीला येणाऱ्यांना ऑप्शनची किंमत काढायचं ब्लॅक-शोल्सचं सूत्र पाठ असतं, हा प्रश्न विचारला की गप्प. याचं उत्तर मिळतं ते इंटरनॅशनल फायनान्समध्ये. पॅकिंग क्रेडिट (माल पाठवण्याआधीचं निर्यात कर्ज), एलसी (बँकेचं हमीपत्र), बिल डिस्काउंटिंग (बिलाचे पैसे बँकेकडून आधीच घेणं) हेही त्यातच येतं. उद्यमबाग, मच्छे किंवा हत्तरगीच्या एरोस्पेस पार्ककडे नजर असेल तर डेरिव्हेटिव्हजच्या आधी हा विषय घ्या. दोन्ही घेता आले तर उत्तमच.

बँकेकडे जाणाऱ्यांनी बँकिंग किंवा क्रेडिटचा जो काही पेपर असेल तो सोडू नये, आणि वर्किंग कॅपिटलचा (खेळत्या भांडवलाचा) वेगळा पेपर असला तर तोही. नाव रटाळ, वर्ग अर्धा रिकामा, पण कर्ज विभागात दिवसभर तेच चालतं: सीएमए डेटा (कर्जासाठी द्यायचे मागचे-पुढचे आकडे), स्टॉक स्टेटमेंट, ड्रॉइंग पॉवर (माल आणि येणं बघून किती उचलता येईल ती रक्कम). छोट्या उद्योगांच्या ५ कोटींपर्यंतच्या कर्जमर्यादेला नायक समितीची टर्नओव्हर, म्हणजे उलाढालीवरून गरज काढायची, पद्धत लावतात. वर्षाला २ कोटींची उलाढाल धरलेल्या हायड्रॉलिक्सवाल्याची गरज त्याच्या २५ टक्के म्हणजे ५० लाख, त्यातले ४० लाख बँकेचे, १० लाख त्याचे स्वतःचे. हे दोन मिनिटांत मांडता येतं. पुढचं अवघड असतं. त्याचं गिऱ्हाईक १२० दिवसांनी पैसे देत असेल तर ते ४० लाख पुरतील काय, हे ओळखता आलं पाहिजे.

आपल्या सीमाभागात आणखी एक गंमत. निपाणी-चिकोडीकडच्या मल्टीस्टेट सोसायट्यांचे सभासद दोन्ही राज्यांत असतात. तारण इकडचं, कर्नाटकातलं असलं की जमिनीचा पहाणी उतारा कन्नडमध्ये, कागल-गडहिंग्लजकडचं असलं की सातबारा. दोन्ही वाचून बोजा कुठे चढलाय ते सांगणारा माणूस सोसायटीला हवाच असतो, आणि ते कुठल्याच सिलॅबसात नाही. कन्नड वाचता येत नसेल तर एका इलेक्टिव्हच्या मेहनतीत तेवढं शिकून होईल, आणि त्याचा उपयोग त्या इलेक्टिव्हपेक्षा जास्त होईल असं माझं मत आहे. राजकारण बाजूला ठेवून म्हणतेय, उगाच अंगावर येऊ नका.

टॅक्सला पोरं भितात. इनडायरेक्ट टॅक्स (जीएसटी वगैरे) मात्र इथे राहणाऱ्याने घ्यावाच, कारण आपला धंदा राज्याच्या हद्दीवर आहे. महाराष्ट्रात कोल्हापूरजवळच्या शिरोलीला माल विकला की आयजीएसटी (दोन राज्यांमधला जीएसटी), हद्दीच्या आत विकला की सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा). मशीनिंगसाठी कास्टिंग जॉबवर्कला कोल्हापूरला पाठवलं तर चलन, ई-वे बिल, आणि तो माल एका वर्षात परत आला पाहिजे, नाहीतर पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरून कर लागतो. नवीन आलेल्या पोराकडे आमच्याकडे पहिलं काम हेच येतं, गोदामात जाऊन जुनी चलनं जुळवायची. डायरेक्ट टॅक्स घेणार असाल तर एक बघा. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात कलमांचे आकडे बदललेत, त्यामुळे सीनियरच्या झेरॉक्स नोट्सवर विसंबू नका. छोट्या पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत भागवलं नाही तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच धरता येतो, ही अट २०२३-२४ पासून जुन्या कायद्याच्या ४३बी(एच) कलमाने आली आणि तेव्हापासून मार्च महिन्यात आमच्या खात्यात कुणी रजा मागत नाही.

साखर पट्ट्यातल्यांनी, म्हणजे अथणी, रायबाग, चिकोडीच्या मुलांनी, प्रोजेक्ट अप्रेझल (प्रकल्प परवडेल का ते तपासणं) बघावं. कारखाना ऊस घेतो चार-पाच महिने, शेतकऱ्याला नियमाने १४ दिवसांत पैसे द्यायचे, साखर मात्र वर्षभर सरकारच्या महिन्याच्या कोट्याप्रमाणे विकायची. मधली भोकं भरायला साखर तारण ठेवून कर्ज काढतात. त्यावर इथेनॉलच्या प्लांटचं मुदत कर्ज. एवढ्या एका धंद्यात डीएससीआर (कर्जाचे हप्ते फेडायची ताकद), कॅश फ्लो, सेन्सिटिव्हिटी (भाव बदलला तर काय होईल) सगळं जिवंत बघायला मिळतं. प्रोजेक्ट रिपोर्टला मुंबईच्या कंपन्यांचे आकडे शोधत बसण्यापेक्षा गावातल्या कारखान्याचा वार्षिक अहवाल मागा. वडील सभासद असतील तर घरातच पडलेला असेल.

बेंगळुरू-पुण्याला जायचं पक्कं असेल तर हिशेब वेगळा. पोर्टफोलिओ, फिक्स्ड इन्कम, डेरिव्हेटिव्हज, व्हॅल्युएशन एकत्र घ्या, कारण सीएफए या गुंतवणूक विश्लेषकांच्या परीक्षेच्या पहिल्या लेव्हलला तेच विषय पुन्हा येतात आणि एका अभ्यासात दोन कामं होतात. रिस्ककडे जायचं असेल तर एफआरएम या रिस्कच्या परीक्षेचेही दोन भाग आहेत, तिथेही हेच उपयोगी पडतं. आयबीपीएस (बँक भरतीची परीक्षा) देणाऱ्यांना इलेक्टिव्हने काही फरक पडत नाही, त्यांनी सोपे घेऊन वेळ वाचवावा. मर्जर्स अँड ॲक्विझिशन्स (कंपन्यांचं विलीनीकरण आणि खरेदी) नाव भारदस्त म्हणून घेऊ नका.

फायनान्शियल मॉडेलिंग (एक्सेलवर धंद्याचे पुढचे आकडे मांडणं) यादीत असेल तर घेण्याआधी मागच्या बॅचला एक विचारा, लॅबला प्रत्येकाच्या हातात एक्सेल असतं, की सर पडद्यावर स्लाइड दाखवतात? स्लाइड असतील तर तो सोडा आणि कॉस्ट मॅनेजमेंट घ्या. मॉडेलिंग घरी लॅपटॉपवर शिकता येतं, फर्नेसच्या विजेच्या बिलावरून किलोमागे खर्च काढायला कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं.